स्वतंत्र जिना

४ ऑक्टोबर

वादी महाशय,

दचकू नकोस. कोर्टाच्या कागदात तू वादी आणि मी प्रतिवादी, म्हणून तसंच लिहिलं. लहानपणीही भांडण उकरून काढायचास तू आणि जाब द्यायला उभी राहायचे मी. कोर्टानं नवीन काही शोधून काढलेलं नाही.

मध्यस्थबाई बोलत होत्या तेव्हा तू खाली मान घालून बुटांकडे बघत होतास. कानात किती शिरलं देव जाणे, म्हणून पुन्हा सांगते. बाई आधी न्यायाधीश होत्या, आता निवृत्त झाल्यावर लोकांची भांडणं मिटवतात. त्यांची रीत अशी, की आपापली बाजू मांडायचीच नाही. ती वकिलांनी मांडून झाली. आता तू माझी बाजू लिहायची आणि मी तुझी, एकमेकांना पत्रानं, वकिलांना न दाखवता. ज्याची बाजू त्यानं ‘हीच माझी बाजू’ असं लिहून सही केली, की ती पुरी झाली. दोन्ही पुऱ्या झाल्या तरच बाई बैठकीला बोलावणार. जानेवारीपर्यंत जमलं नाही तर दावा परत कोर्टात. आणि तिथं काय होणार ते मोजणीला आलेल्या कोर्टाच्या कमिशनरनं लिहूनच दिलंय. खाली दोन खोल्या, वर एक, या घराचे दोन सारखे तुकडे पडत नाहीत. म्हणजे लिलाव. आई-बाबांचं घर बोली लावून जाणार, आणि आपण दोघं आपापला चेक घेऊन आपापल्या दिशेला जाणार.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण दोघंही चढलो, तेव्हा आपली लायकी जगजाहीर आहे.

तर आता तुझी बाजू. ‘मला माझा हिस्सा हवा. तो विकून मला मोठ्या शहरात मोठं घर घ्यायचंय. आणि विकेपर्यंत अक्काचं तोंड बघायला लागू नये म्हणून वरच्या खोलीला बाहेरच्या बाजूनं स्वतंत्र जिना हवा.’

दाव्यातलं बाकी सगळं मी एकदा वाचलं. ते जिन्याचं कलम मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. घरातला जिना बाबांनी स्वतःच्या हातानं केलेला. सुतारकाम येत नव्हतं तरी केलेला. त्याच्या आवाजावरून तू अंगणात यायच्या आधी मला कळायचं, की स्वारी उतरतेय. तो तुला नकोसा झाला.

सही कर, म्हणजे दोघंही सुटू.

प्रतिवादी
(अक्का)


१५ ऑक्टोबर

अक्का,

सही करत नाही.

अगं, विकायचं असतं तर जिना कशाला मागितला असता? विकणारा माणूस जिना बांधतो का? एवढी हुशार तू, धुवायला आलेल्या शर्टाच्या खिशातल्या तिकिटावरून गिऱ्हाईक कुठं जाऊन आलं ते सांगतेस, आणि हे तुझ्या लक्षात आलं नाही? इथं माझ्याबरोबरच्या लोकांना मात्र फार मजा वाटते. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस कोर्टात जाऊन जिना मागतो म्हणून मला चिडवतात.

मोठं घर घेऊन करू काय? एकटा जीव. आहे त्या खोलीत चार पावलं टाकली की भिंत येते, आणि मला तेवढीही जास्त होतात.

आता तुझी बाजू. बघ बरोबर येते का. ‘बाबांनंतर लाँड्री मी चालवली. आईचं दुखणं मी काढलं. भाऊ तिकडे लिफ्टमध्ये वर-खाली करत बसला. जो राहिला त्याचं घर. जो गेला तो पाहुणा.’

यातलं शेवटचं मी मनचं लिहिलेलं नाही. तू कोर्टात दिलेल्या कैफियतीत आहे, सरळ, छापील. ‘वादी हा अनेक वर्षांपासून सदर घरात राहत नाही.’ वकिलानं ते मला पाठवलं तेव्हा मी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनखोलीत होतो. वाचलं, घडी घातली आणि दोर तपासत राहिलो. खाली माणसं खोळंबली होती. अक्का, तू कोर्टाला सांगितलंस, की मी त्या घरचा नाही. वकिलांनी सांगितलं असतं तर सोडून दिलं असतं. खाली सही तुझी होती, ती लफ्फेदार, आईला आवडायची ती.

भिंगरी


२३ ऑक्टोबर

भिंगरी,

मीही सही करत नाही. ‘जो गेला तो पाहुणा’ हे वाक्य तुझं, माझ्या गळ्यात मारू नकोस. पाहुणा निदान येतो.

आणि आईच्या दुखण्याचा हिशेब मी कधी मांडला? आई माझी होती, मी केलं. त्यात तुझ्यावर उपकार कसले?

तुला बरं आहे, तू आपला दोन शहरांपलीकडे. इथं मला कोर्टाचा ‘जैसे थे’ सांभाळावा लागतो. निकाल लागेपर्यंत घरात काडीचा बदल करायचा नाही असा हुकूम आहे. तुझ्या खिडकीची बिजागरी तुटलीय, ती तशीच. वळणावरची पायरी आठवते ना, बाबांची करामत, पाय पडला की घरभर ओरडायची? सुतार दुसऱ्या कामाला आला होता, म्हणाला, फुकटात ठोकून देतो. मी म्हटलं, खबरदार! कोर्टाचा हुकूम आहे. बिचारा पायरीकडे असा बघत होता, जणू तिच्यावर खुनाचा आरोप आहे.

तुझी बाजू दुसऱ्यांदा लिहिते. ‘वरच्या खोलीत अक्कानं भाडेकरू ठेवली, मला विचारलं नाही. भाडं एकटी खाते.’ कमिशनरच्या अहवालात वाचलं असशीलच. वर नर्सबाई राहते. दवाखान्यात कामाला आहे, शांत आहे, कामाच्या वेळा उलटसुलट. भाडं म्हणशील तर दोघींच्या चहासाखरेला पुरतं, तेवढंच. पण राग त्याचाच ना? मग तसं स्पष्ट बोल. एवढ्यासाठी कुणी बहिणीला कोर्टात खेचतं का रे?

अक्का


६ नोव्हेंबर

अक्का,

नाही. भाडं गेलं खड्ड्यात.

पण नर्सबाई, हो. तुझा नेम जवळ पडला म्हणून सांगतो. त्या अहवालाच्या खूप आधीपासून मला ती माहीत आहे.

आई गेल्यावर, पुढच्याच उन्हाळ्यात मी आलो होतो. तुला कळवलं नव्हतं. बॅग घेऊन आलो होतो, चांगली आठवड्याची सुट्टी काढून. गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि माझ्या खिडकीत पांढरे कपडे दिसले. म्हटलं, लाँड्रीचे असतील. मग आठवलं, गिऱ्हाइकांचे कपडे मागच्या दोरीवर, रस्त्याकडे कधीच नाही, हा आईचा नियम. त्या खिडकीत आपल्या घरच्यांच्या अंगावरचेच कपडे सुकतात. मग नीट बघितलं. खिडकीत आरसा होता, कुंडी होती, आणि एक बाई केस पुसत उभी होती. माझ्या खोलीत.

तू खाली दुकानात होतीस. पाठमोरी. इस्त्री करत होतीस आणि कुणाशी तरी हसत बोलत होतीस. मी पानाच्या दुकानापाशी बराच वेळ उभा राहिलो. मग स्टँडजवळच्या लॉजवर गेलो. आपल्या गावात, अक्का, मी पैसे देऊन झोपलो. सकाळी पहिल्या गाडीनं परत फिरलो आणि त्याच आठवड्यात वकील गाठला.

तू विचारशील, दुकानाचं दार चार पावलांवर होतं, आत का नाही आलास? का नाही आलो, तीच माझी बाजू. आई गेली त्या दिवशी, मी उशिरा पोचल्यावर, तू मला काहीतरी म्हणाली होतीस. तुला आठवत नसणार. मी सांगणार नाही. माझी बाजू तू मांडायची आहेस, बाईंचा नियम आहे.

भिंगरी


११ नोव्हेंबर

गाढवा,

चार पावलं! चार पावलांवर येऊन परत गेलास!

मध्यस्थबाई पहिल्याच दिवशी काय म्हणाल्या होत्या? कायद्याची सगळी पुस्तकं मिटून टाकली तरी एक गोष्ट राहते, दुसऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. चोरालासुद्धा विचारतात, बाबा, तुझं काय म्हणणं आहे. आणि तू पानाच्या दुकानापाशी उभ्या उभ्या माझा निकाल लावून मोकळा झालास. मला एक हाक मारली असतीस तर?

आता ऐक, नर्सबाई वर का आहे ते. आई गेली, तुझं सुट्टीला येणंही थांबलं, आणि वरून आवाज यायचा बंद झाला. जन्मभर माझ्या डोक्यावर कुणी ना कुणी चाललंय रे. आधी बाबा, मग तुझी ती धडधड. खाली इस्त्री फिरवताना वर काहीच वाजेना, तर मला इस्त्री फिरवायचं सुचेना. शर्ट जाळला मी एका वकिलाचा! शेवटी दवाखान्यात जाऊन विचारलं, खोली हवीय का कुणाला. लोक भाडेकरू बघताना पगार बघतात, चालचलन बघतात. मला फक्त चालणारं माणूस हवं होतं.

आणि तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खोली माझ्या भावाची आहे. तो आला की तू माझ्याकडे खाली यायचं, कितीही दिवस असो. ती म्हणाली, चालेल. तू आत आला असतास तर संध्याकाळच्या आत तिची कुंडीसुद्धा खाली आली असती.

गंमत ऐकायचीय? बाई इतकी गुणी निघाली, की मला त्रास नको म्हणून वळणावरची ती पायरी ओलांडून चढते. मांजरासारखी. ज्यासाठी ठेवली ते राहिलंच. तिला कसं सांगू, की बाई गं, पाय आपट म्हणून?

तू कोणत्या शब्दाबद्दल म्हणतोयस ते मला खरंच आठवत नाही. त्या दिवशी मी काय काय बोलले असेन. आठवते.

अक्का


५ डिसेंबर

अक्का,

उशीर झाला. काय लिहायचं ते कळत होतं, पण हात पुढे सरकत नव्हता. दोनदा वाटलं फोन करावा. पण फोनवर आपण पहिल्या मिनिटात भांडतो आणि दुसऱ्या मिनिटात ठेवतो.

तुझी बाजू लिहितो. चुकली तर परत पाठव.

‘मी घर अडवून बसलेली नाही. मी वाट बघत बसलेय. घर सांभाळलं ते ताबा राहावा म्हणून नाही, तर येणाऱ्याला पत्ता शोधायला लागू नये म्हणून. मला हिस्सा द्यायला त्रास नव्हता. त्यानं तो मागायला वकील पाठवला, स्वतः आला नाही, याचा त्रास झाला. वकिलानं विचारलं, तुमचं म्हणणं काय, तेव्हा मी म्हटलं, तो इथं राहत नाही हो, कितीतरी वर्षं झाली. ती माझी तक्रार होती. वकिलानं तिचाच बचावाचा मुद्दा बनवून कैफियतीत टाकला.’

अक्का, ते वाक्य मी त्या मशीनखोलीत वाचलं तेव्हा मला दार लावल्यासारखं वाटलं होतं. तुझं मागचं पत्र आल्यावर तेच वाक्य पुन्हा काढून वाचलं. ‘वादी हा अनेक वर्षांपासून सदर घरात राहत नाही.’ शब्द तेच आहेत. पण या वेळी तुझा आवाज ऐकू आला.

इथं माझ्यावरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहतात. काठी टेकत चालतात. पूर्वी मला त्याचा वैताग यायचा. हल्ली ते थांबले की मी मान वर करून बघतो.

भिंगरी


१४ डिसेंबर

भिंगरी,

हीच माझी बाजू. खाली सही केलीय, तीच लफ्फेदार. पत्र मध्यस्थबाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, ‘आता तुमचं राहिलं.’ परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं मला.

आणि मला आठवलं रे.

एका गिऱ्हाइकाशी वाद चालला होता. मी तणतणत म्हटलं, ‘पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही!’ आणि तोंडातून शब्द बाहेर पडताच हातातली इस्त्री तशीच राहिली. हेच. असंच काहीतरी. मग हळूहळू सगळं वर आलं. तू बॅग घेऊन दारात उभा. आईला नेऊन झालेलं. तू टकटक केलीस, आपल्याच घराच्या उघड्या दारावर, का कुणास ठाऊक, आणि मी म्हणाले, ‘आता वाजवतोस? पुन्हा हे दार वाजवायचं नाही.’

मी रागात बोलले आणि विसरले. तू गप्प राहिलास आणि पाळलंस.

म्हणजे माझ्या शहाण्या भावानं दार वाजवलं नाही. पण घरी तर यायचं होतं. मग करणार काय? कोर्टात गेला आणि जिना मागितला. बाहेरून. माझं दार न वाजवता वर जाता येईल असा.

तुझी बाजू लिहिते, बघ. ‘मला हिस्सा नको, पैसा नको. मला माझ्या खोलीत जायचंय, आणि अक्कानं तर दार वाजवू नको म्हटलंय. ती हाकलून देईल की काय याची मला भीती वाटते. म्हणून मला कायद्यानं एक वाट द्या, जी कुणी रागावलं तरी बंद होणार नाही.’

ज्या कलमानं मी सगळ्यात जास्त दुखावले, तेच तुझं घरी येणं होतं. आणि मी ते वाचून रोज तुला शिव्या घातल्या. अरे, मी तर तू येताना पायरी वाजावी म्हणून कोर्टाच्या हुकुमाआड लपत होते, आणि तू त्याच कोर्टाकडे न वाजता यायची परवानगी मागत होतास. वेड्यांचं घर आहे आपलं.

अक्का


२० डिसेंबर

अक्का,

हीच माझी बाजू.

सही नीट आलेली नाही. चालवून घे.

भिंगरी


२३ जानेवारी

भिंगरी,

आजच कोर्टाचा हुकूमनामा हातात पडला. तुझी प्रत वकील पाठवेलच, पण त्याच्या भाषेत कळणार नाही म्हणून माझ्या भाषेत सांगते. घर दोघांचं, अविभक्त. एकाला विकायचं तर दुसऱ्याची संमती लागणार. वरची खोली तुझी, दुकान आणि खालचं माझं. अंगण, नळ आणि जिना सामाईक, एकानं दुसऱ्याला अडवायचं नाही. लिलाव टळला. ‘जैसे थे’ उठला. आता मला बिजागरी बसवायला मोकळीक आहे. बसवली.

बैठकीत बाईंनी विचारलं, ‘स्वतंत्र जिन्याची मागणी?’ तेव्हा तू म्हणालास, ‘सोडली.’ एवढंच. माझ्याकडे बघून म्हणाला असतास तर बरं झालं असतं. मग चहा आला, तू माझा कप माझ्यापुढे सरकवलास, साखर न विचारता ढवळलीस, आणि मला वाटलं, झालं, आता इथून रिक्षा करून दोघं घरी जायचं. तेवढ्यात तुझा फोन वाजला. तिकडे दवाखान्याची लिफ्ट बंद पडली होती. जायलाच हवं होतं, कळतं मला. आजारी माणसं खोळंबणार. तू कोर्टाच्या फाटकातूनच स्टँडकडे वळलास. ‘येतो’ म्हणालास. मी हात हलवला. रागावले नाही. पण घरी येऊन चूल पेटवली नाही, एवढं खरं.

मी त्या सकाळी तुझी खोली झाडून घेतली होती. नर्सबाई खाली माझ्या मागच्या खोलीत राहायला आलीय, कुंडीसकट. मी तिला म्हटलं, घाई नको, तो येईल तेव्हा ये. ती म्हणाली, ‘तो बॅग घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला आणि परत खिडकीत मीच दिसले तर?’ मग मीच तिची कुंडी उचलली.

म्हणजे आता वर कुणीच नाही. मांजराची पावलंही नाहीत. निकाल माझ्या बाजूनं लागला, तुझ्याही बाजूनं लागला, आणि घर पूर्वी कधी नव्हतं इतकं गप्प आहे. एक तुला सांगते, हसू नकोस. दावा चालू होता तोवर मला धीर होता. तारीख पडायची आणि तुला यावं लागायचं. व्हरांड्याच्या त्या टोकाला का होईना, दिसायचास. मी तारखेच्या दिवशी ठेवणीतली साडी नेसायचे, भांडायला जाताना कुणी नेसतं का? आता तारीख नाही. बाईंना मी विचारलंही, की घरी येण्याचा हुकूम काढता येतो का. त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, ‘कोर्ट वाट मोकळी करून देतं. त्या वाटेवरून कुणाला चालायला लावता येत नाही.’

तर आता हुकूम वगैरे नाही, बहीण म्हणून लिहितेय. ये. सुट्टी मिळेल तेव्हा ये, न कळवता ये, अर्ध्या दिवसासाठी ये. मला तुझी फार आठवण येते.

आणि दाराबद्दल मी जे म्हणाले होते, ते मी मागे घेत नाही. पुन्हा हे दार वाजवायचं नाही. ते मी लोटून ठेवलेलं असतं, नुसतं ढकल. वळणावरच्या पायरीवर मात्र नीट पाय दे. ती वाजू दे.

तुझी,
अक्का